साळिंदरीण शेपटीवर बसली

ओढ्याकाठच्या एका रानात एक साळिंदरीण आपल्या पिल्लासह राहत असे. मुलांनो, साळिंदरे दिवसा झोपतात हे तुम्हाला ठाऊक असेल. ही मात्र तीन दिवस झोपली नव्हती. पिल्लू बिळाच्या कोपऱ्यात घोरत असे आणि ही डोळे उघडे ठेवून एकच विचार करत राही : याला उतारा वाचता येईल का?

त्या रानात पावसाळा संपला की पिल्लांची परीक्षा होई. परीक्षा घेत असे टिटवी. सगळे तिला बाई म्हणत. पहिला भाग उताऱ्याचा. हा उतारा ओढ्याच्या ओल्या वाळूवर उमटलेला असे : ठसे कोणाचे, चालले कुठे, आणि ते पाहून तुम्ही काय कराल, एवढे तीन प्रश्न. दुसरा भाग निबंधाचा. गळून पडलेल्या काट्याने चिखलावर दहा ओळी लिहायच्या. पास होईल त्याने ओढ्यापलीकडे एकट्याने कंद उकरायला जावे. नापास होईल त्याने आणखी एक वर्ष आईच्या मागे चालावे. वर्ष फुकट गेले असते तरी साळिंदरिणीला चालले असते. तिची भीती निराळी होती. पलीकडच्या काठावर बिबट्या फिरत असे, आणि ज्याला ठसे वाचता येत नाहीत त्याला तो आधी भेटत असे.

ती स्वतः शिकलेली होती. तिच्या वेळी ती वर्गात पहिली आली होती. पण पहिले येणे वेगळे आणि शिकवणे वेगळे, हे तिला अभ्यासाच्या पहिल्याच संध्याकाळी कळले. सरावाला उतारे मिळेनात, म्हणून तीच वाळूवर चालून दाखवू लागली. सशासारख्या उड्या मारल्या. पोट घासत घोरपड झाली. बिबट्याचा पंजा उमटवताना तर कंबरच धरली. पिल्लू नाक खाली घालून म्हणे, "ससा." मग कान जरा टवकारून म्हणे, "नाही, घोरपड." आणि ते बरोबर निघे. रोज हेच. पहिले उत्तर चूक, दुसरे बरोबर. पोर अडखळते, पण विचार करते, असे ती मनाला सांगे. मनाला ते पटत का नाही, हे शोधण्यात तिचा उरलेला दिवस जाई.

निबंधाची तऱ्हा आणखीच वेगळी. शेजारच्या सशिणीने आपल्या पोरांकडून सात निबंध पाठ करून घेतले होते आणि येता-जाता ती ते मोजून दाखवी. मग हिनेही एक पाठ करून घेतला, 'रानातील सकाळ'. पूर्वेला तांबडे फुटते, दवबिंदू मोत्यांसारखे चमकतात, वगैरे. अर्ध्यात आल्यावर पिल्लाने विचारले, "आई, सकाळ कशी असते?"

साळिंदराच्या पोराने सकाळ कधी पाहिलेली नसते, हे तिच्या ध्यानातच आले नव्हते. "सुंदर असते. पुढे म्हण," ती जांभई देत म्हणाली. तिने स्वतः लागोपाठ तीन सकाळी पाहिल्या होत्या. त्यात सुंदर असे काही तिला आठवेना.

परीक्षेच्या संध्याकाळी बाईंनी सगळ्या आयांना करवंदीच्या जाळीमागे उभे केले आणि निबंधाचा विषय सांगितला, 'मी ऐकलेला एक आवाज'. म्हणजे सकाळ वाया गेली. पिल्लू उताऱ्यासमोर जाऊन बसले. त्याने काटा हातात घेतला, ठशांवरून एकदा नजर फिरवली, काहीतरी लिहिले आणि कान मागे वळवून ते थांबले.

"तुझी शेपटी आता वाजणार बघ," सशीण कुजबुजली. "अभ्यास घेताना ती वाजतच असते. आमच्या घरात ऐकू येतं. पोराचं चुकलं की खुळखुळ, बरोबर आलं की बंद."

साळिंदरिणीने मागे पाहिले. शेपटीवरचे पोकळ काटे खरोखरच थरथरायला लागले होते, आवाज तेवढा अजून फुटला नव्हता. इतक्या दिवसांचा हिशोब तिला तिथे उभ्या उभ्या लागला. पोराने वाळू कधी वाचलीच नव्हती. ते तिला वाचत होते.

पहिले उत्तर चुकले आहे, हे तिला जाळीतूनही दिसत होते. शेपटी एकदा मोकळी सोडली असती तर पिल्लाने ते लगेच पुसले असते. ते पास झाले असते. आणि मग पलीकडच्या काठावर? तिथे कोण खुळखुळणार होते?

ती शेपटीवर बसली. सगळे काटे एकदम टोचले. डोळ्यांत पाणी आले ते काट्यांमुळे, असे तिने सशिणीला सांगून टाकले.

पिल्लू वाट पाहत राहिले. सशाची पोरे निबंध संपवून उठलीसुद्धा. मग त्याने कान पुढे वळवले, नाक वाळूला लावले आणि ठशांच्या कडेकडेने हळूहळू पाण्यापर्यंत गेले. परत येऊन लिहायला बसले.

उजेड होता तोवर बाईंनी निकाल सांगितला. याचे पहिले उत्तर चूक होते. बिबट्याला त्याने तरस म्हटले होते. दुसरे अर्धवट. "तिसरं ऐका," बाई म्हणाल्या. "'ठसे पाण्याकडे गेले आहेत, परत आलेले दिसत नाहीत. मी आज इथे पाणी पिणार नाही.' बाकी सगळ्यांनी लिहिलंय, सावध राहावे. याला पलीकडे जाऊ दे." निबंधाच्या दहाऐवजी सहाच ओळी होत्या, त्याही वाकड्या. त्या कोणत्या आवाजावर होत्या ते बाईंनी सांगितले नाही. त्यांनी फक्त साळिंदरिणीच्या शेपटीकडे पाहिले आणि पुढचे नाव घेतले.

बिळाकडे परतताना साळिंदरिणीला पाय उचलवत नव्हता. तिने विचारले, "इतका वेळ नुसता काय बसला होतास रे?"

"तुझा आवाज येईना," पिल्लू म्हणाले. "मला वाटलं, तुला झोप लागली. म्हटलं, लागू दे. मग मीच हळूच वाचलं."

तात्पर्य एवढेच : उत्तर समोरच्या उताऱ्यात शोधावे, शिकवणाऱ्याच्या चेहऱ्यावर शोधू नये, आणि शिकवणाऱ्याने वेळ आली की आपल्या शेपटीवर बसावे, टोचले तरी.