रेशमी दोऱ्यांनी बांधलेला बहर

फार जुनी, राजालाही कुणीतरी रागवू शकायचं त्या काळची गोष्ट. एका थंड डोंगरी राज्यात, राजवाड्याच्या अंगणात चेरीचं एकच झाड होतं. ते वर्षातून आठच दिवस फुलायचं. त्या दिवसांत भांडलेली माणसं त्याच्याखाली बसून एका ताटात दूधभात खायची. चूक कुणाची, हे विचारायचं नाही, अशी तिथली रीत होती.

राजानं थोरल्या बहिणीशी दहा वर्षं अबोला धरला होता. ती खाली नदीकाठी राहायची. "यंदा ताईला बोलावतो," असं त्यानं झाडाची निगा राखणाऱ्या म्हाताऱ्या माळिणीला सांगितलं. लहानपणी या दोघांना त्याच झाडावरून उतरवताना तिच्या नाकी नऊ यायचे. ती हरखून गेली.

झाड फुलताच ती धावत आली. "महाराज, फुललं! निरोप धाडा."

"आधी मांडव होऊ दे," राजा म्हणाला.

मांडवात तीन दिवस गेले. मग ताट चांदीचं की सोन्याचं, यावर खल झाला. पाचव्या दिवशी प्रधानांनी नवाच घोळ घातला: आधी बोलायचं कुणी?

माळिणीनं कपाळावर हात मारला. "अहो, ते झाड आहे! तुम्ही म्हणाल तेवढं थांबायला ते काय तुमचा शिपाई आहे?"

राजाला ते पटलं. पटलं म्हणून त्यानं काय करावं? एकेक फूल रेशमी दोऱ्यानं फांदीला बांधायचा हुकूम सोडला! शंभर माणसं शिड्या लावून चढली. माळीण खालून ओरडत होती, "अरे, एक माणूस नदीकडे पाठवा! एकच!" कुणी ऐकेल तर शपथ.

आठव्या दिवशी वारा सुटला. पाकळ्या ओढ्यातून नदीत गेल्या आणि फांद्यांवर नुसते दोरे उरले. तेव्हा कुठे राजानं स्वार धाडला. तो एकटाच परतला.

"महाराज, यंदा तरी बोलावणं येईल म्हणून ताईसाहेब आठ दिवस गाठोडं बांधून काठावर बसल्या होत्या. आज पाण्यातून पाकळ्या वाहत आल्या. 'बहर सरला, मला बोलावलं नाही,' एवढंच म्हणाल्या आणि होडीत बसून निघून गेल्या. कुठे, ते कुणालाच सांगितलं नाही."

राजानं खूप शोध घेतला. ताई सापडली नाही.

पुढच्या वर्षी झाड फुललं, तेव्हा राजा ताट घेऊन एकटाच त्याच्याखाली बसला. माळीण त्याला चांगले चार शब्द सुनावायला आली होती. पण त्यानं अर्धा भात तसाच ठेवलेला पाहून ती मागे फिरली.

ज्याच्याशी समेट करायचा, त्याला आजच हाक मारावी. तयारी करत बसलं की वेळ निघून जाते.