गव्हाएवढा गळ

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की तेव्हा राज्य कुणाचं होतं हेही आता कुणाला सांगता येत नाही. चहूबाजूंनी डोंगर आणि मधोमध एक खोल तळं, असा एक मुलूख होता. तळ्याच्या काठी चाळीसेक घरांचं गाव होतं. शेती करावी अशी सपाट जमीन तिथे नव्हती. गाव जगायचं ते तळ्यातल्या मासळीवर.

या तळ्यात जाळं चालत नसे. तळाशी धारदार खडक होते, बुडालेल्या झाडांची खोडं होती. टाकलेलं जाळं फाटूनच वर येई. म्हणून इथली माणसं गळ टाकून मासे धरायची.

तळ्याकडे उतरणाऱ्या पायवाटेवर कोंडाआजीची झोपडी होती. गावातल्या प्रत्येकाचं मासेमारीचं सामान तिच्या हातून जायचं. भिंतीला बांबूच्या काठ्या टेकवलेल्या असत. ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात भिजवलेल्या तागाच्या दोऱ्या अंगणात वाळत असत. पाण्यावर तरंगायला मोरपिसाचे देठ, दोरी खाली ओढायला शिशाच्या गोळ्या, आणि एका लाकडी पेटीत गळ. गळ ती स्वतः करायची. तार तापवायची, वाकवायची, आणि टोकाला उलटा काटा काढायची. मासा सुटू नये म्हणून असतो तो काटा. तो काढणं गावात दुसऱ्या कुणालाच जमत नव्हतं. आजी ते बापाकडून शिकली होती. तिचा नवरा केव्हाच गेला होता आणि मूलबाळ नव्हतं.

सामान निवडायला कुणी आलं, की आजी आधी विचारायची, "बसतोस कुठं?"

एकदा नुकतंच लग्न झालेला एक जण आला आणि त्याने थेट सगळ्यात लांब काठीला हात घातला.

"बसतोस कुठं?" आजीने विचारलं.

"उंबराखालच्या खडकावर."

"मग ही कशाला? फांद्यांत अडकवशील आणि मला शिव्या देत बसशील. ही आखूड घे. तिथलं पाणी संथ आहे, शिशाची एकच गोळी लाव. देठ हलका घे, म्हणजे मासा नुसता हुंगून गेला तरी कळेल."

तो हिरमुसून गेला. आठ दिवसांनी दोन मरळ घेऊन आजीच्या दारात उभा राहिला. अशी ती बाई होती. बोलायला तुसडी, पण माणूस आणि पाणी दोन्ही ओळखणारी.

तिच्या पेटीतला सगळ्यात लहान गळ करंगळीच्या नखाएवढा होता. त्याहून लहान गळ ती करत नसे. हा गळ ज्या माशाच्या तोंडात मावत नाही, त्याने अजून एकदाही अंडी घातलेली नसतात, असं तिच्या बापाने तिला सांगितलं होतं. तिने पुढे कितीतरी मासे चिरून ते स्वतः पाहून घेतलं होतं.

मग एक वाईट साल आलं. पाऊस पडला तो पडल्यासारखा करून गेला. तळं काठापासून मागे सरकलं, पाणी कोमट झालं. मोठे मासे खाली खोडांमध्ये जाऊन बसले आणि गळाकडे फिरकेनासे झाले. काठावरच्या उथळ पाण्यात मात्र बोटाएवढ्या पिल्लांचे थवेच्या थवे दिसत. ती येत, आमिष टोकरत आणि निघून जात. गळ त्यांच्या तोंडात मावत नव्हता.

गावात राणबा नावाचा एक माणूस होता. मेहनती होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घरात बायको हौसा, म्हातारे आईवडील आणि चार लेकरं. एके दिवशी तो आजीकडे आला.

"आजी, जरा बारका गळ करून दे. गव्हाच्या दाण्याएवढा."

"तेवढा मी करत नाही, राणबा."

"लेकरं उपाशी आहेत गं."

आजीला त्याची दया आली. तिने आपल्या मडक्यातली निम्मी नाचणी त्याच्या उपरण्यात ओतली. "हे ने. पण तो गळ मागू नकोस. ती पिल्लं आज खाल्लीस, तर पुढच्या सालचे मासे कुठून आणशील?"

राणबाला ते पटलं. तो गेला.

चार दिवसांनी तो पुन्हा आला. आजीने पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा तो हौसाला घेऊन आला. हौसा नुसती दारात उभी राहिली. चौथ्यांदा त्याच्याबरोबर शेजारचे दोघे होते. त्यांतला एक म्हणाला, "आजीला काय, एकटा जीव. तिला कुणाचं पोट कसं कळणार?" आजीला ते लागलं, पण तिने होकार दिला नाही. पाचव्यांदा राणबा चिडून आला आणि ओरडला. सहाव्यांदा तो माफी मागायला आला, आणि माफी मागून झाल्यावर त्याने पुन्हा गळच मागितला.

दर वेळी आजी हातातलं काम बाजूला ठेवी. दर वेळी तीच गोष्ट पहिल्यापासून सांगे. मासा कधी अंडी घालतो, एका मादीमागे किती पिल्लं जगतात, खालचे मासे पावसाळ्याला कसे वर येतील. ऐकताना माणसं मान डोलवत, आणि दोन दिवसांनी काहीच ऐकलं नव्हतं अशी परत येत. सातव्यांदा तर ती पुरतं बोललीही नाही. "नाही रे बाबा," एवढंच म्हणाली आणि भिंतीला डोकं टेकवून बसली.

पायवाटेवर पावलं वाजली, की तिचा हात कामावर थबकू लागला. दार लोटून घ्यावंसं वाटायचं. ज्या दाराशी ती साठ वर्षं माणसांची वाट पाहत आली होती, तेच दार तिला आता नकोसं झालं होतं.

मग तिला ताप आला. तीन दिवस अंगात कणकण होती. चौथ्या दिवशी दुपारी ती कशीबशी उठून भट्टीपाशी बसली. तार तापवायला घेतली. तार निसटली आणि बोट भाजलं. ती बोट तोंडात घालून बसली होती, तेवढ्यात राणबा आला.

या वेळी तो भांडला नाही. उंबऱ्यावर बसला. जमिनीकडे बघत म्हणाला, "हौसाला यायचं होतं. पण तिला आता चालवत नाही."

कोंडाआजीने त्याच्याकडे पाहिलं. मग भट्टीकडे पाहिलं.

"बरं," ती म्हणाली. "थांब जरा."

आणि तिने गव्हाच्या दाण्याएवढा गळ करून त्याच्या हातावर ठेवला.

ऐकणाऱ्यांनो, इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. आजीला राणबाचं म्हणणं पटलं नव्हतं. तिचं मन द्रवलं म्हणूनही तिने गळ दिला नाही. दया तिला पहिल्याच दिवशी आली होती, आणि तरीही ती नाही म्हणाली होती. त्या दुपारी तिला फक्त एवढंच हवं होतं, की समोरचा माणूस उंबऱ्यावरून उठून जावा आणि आपल्याला आडवं होता यावं.

राणबा गेला. आजी आडवी झाली. कित्येक दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी राणबाच्या घरी टोपलीभर पिल्लं आली. निखाऱ्यावर भाजून लेकरांनी ती काट्यांसकट खाल्ली. हौसा उठून बसली. वास गावभर गेला, आणि संध्याकाळच्या आत आजीच्या अंगणात वीस माणसं उभी राहिली.

"राणबाला दिलास, आम्हाला का नाही?"

जे एकाला दिलं ते दुसऱ्याला कोणत्या तोंडाने नाकारायचं? ती महिनाभर भट्टीपाशी बसून होती. गव्हाएवढे गळ करत राहिली. लोक पाया पडून जात. "आजी, तू गाव वाचवलंस," असं म्हणत. कुणी प्रेमाने वाटीभर भाजलेली पिल्लं आणून ठेवी. ती वाटी ती झाकून ठेवायची आणि सकाळी मांजराला घालायची.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. तळं भरलं. खोडांमधले मोठे मासे वर आले आणि लोकांनी ते धरले. आता तरी बारके गळ ठेवून द्या, असं आजी एकदोघांना म्हणाली. पण बारक्या गळाने टोपली लवकर भरते, हे आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. दुपारपर्यंत घरी येता येत होतं. उन्हातान्हात काठावर ताटकळायला कुणी तयार नव्हतं. आजीनेही फार ताणून धरलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी मोठा मासा क्वचित दिसू लागला. तिसऱ्या वर्षी पाणी काठोकाठ होतं, निळंभोर होतं, आणि मोरपिसाचा देठ सकाळपासून सूर्य मावळेपर्यंत त्या पाण्यावर जागचा हलत नव्हता. पिल्लंही नव्हती. अंडी घालायला मागे कुणी उरलंच नव्हतं. बगळेसुद्धा काठ सोडून गेले.

गाव उठलं. डोंगरापलीकडे दगडाच्या खाणी होत्या. तिथे राबायला माणसं लागत. एकेक घर बांधाबांध करून त्या वाटेला लागलं. कुणी भांडण केलं नाही की कुणी रडून गोंधळ घातला नाही. सगळे फार थकले होते.

राणबा सगळ्यांत शेवटी निघाला. त्याची म्हातारी आई त्या हिवाळ्यात गेली होती. डोक्यावर गाठोडं घेऊन तो आजीच्या झोपडीपाशी थांबला, गाठोडं खाली ठेवलं आणि उंबऱ्यावर बसला.

"आजी, तुला हे असं होणार ते माहीत होतं ना?"

"होतं."

"मग तू नाही का म्हणाली नाहीस?"

"म्हणाले होते रे. सात वेळा म्हणाले."

राणबाने गाठोड्याची गाठ चाचपली. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "मग आठव्यांदाही नाही का म्हणाली नाहीस?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आजीला ते सोसलं असतं. तो खरंच विचारत होता. आजीने भट्टीकडे पाहिलं.

"दमले होते," ती म्हणाली.

राणबाने मान डोलवली. "मीही दमलो होतो," तो म्हणाला. "म्हणून तर तुझ्याकडे येत होतो. माझ्याच्याने थांबवत नव्हतं. वाटायचं, आजी थांबवील."

मग त्याने गाठोडं उचललं, तिच्या पायाला हात लावला आणि वाटेला लागला. आजी तो डोंगराआड होईपर्यंत पाहत राहिली.

गाव रिकामं झाल्यावर आजीनेही झोपडी सोडली. दोन खोरी ओलांडून तिच्या भाचीचं गाव होतं. तिथेही एक तळं होतं, आणि भाची तिथे गळ करून पोट भरायची. वाटेत ठिकठिकाणी बसत, काठी टेकत, आजी सहा दिवसांनी तिथे पोचली. भाचीने पाय धुवायला पाणी दिलं, भाकरी वाढली. जेवण झाल्यावर आजीने सगळी हकिगत सांगितली. स्वतःची चूक झाकली नाही, राणबाला दोष दिला नाही.

भाचीने ताट उचलून ठेवलं. मग म्हणाली, "मावशी, इकडेही वाईट साल येईलच की. माणसं माझ्याही दारात येतील. तुझ्याइतकी मी धीराची नाही. आठव्यांदा मी काय करू?"

"थकली असशील त्या दिवशी उत्तरच देऊ नकोस," आजी म्हणाली. "घरात असेल ते खायला दे, आणि सांग, आज मला बरं नाही, उद्या या. दार लाव. झोप. आणि सकाळी उठलीस, की नाही म्हण."

"आणि नवव्यांदा आले तर?"

"मला हाक मार. आपण दोघी मिळून नाही म्हणू."

आजी त्यानंतर चार वर्षं जगली. त्या चार वर्षांत एक साल खरोखरच वाईट गेलं. माणसं भाचीच्या दारात आली, रडली, रागावली, पुन्हा पुन्हा आली. दोघी आळीपाळीने त्यांना सामोऱ्या गेल्या. कधी भाची आत जाऊन पडे आणि आजी बाहेर बसे, कधी आजी आत आणि भाची बाहेर. त्या साली त्या गावात माणसांनी फार हाल काढले. एका घरातलं म्हातारं माणूस दगावलं, आणि त्या घराने भाचीशी कायमचं बोलणं टाकलं. पण पाऊस आला तेव्हा तळ्यात मासे होते, आणि गाव जागेवर राहिलं.

आजीच्या हातून उजाड झालेल्या गावात मात्र पुन्हा कुणी चूल पेटवली नाही.

म्हणून लहानांनी आणि मोठ्यांनीही एवढं लक्षात ठेवावं: चूक आहे हे ठाऊक असूनही कंटाळून दिलेला होकार हा आपलाच होकार असतो, आणि त्याचं फळ थकवा पाहून कमी होत नाही.