राख चोळलेला हात

फार जुन्या काळची गोष्ट. डोहातले मासे मेले ते म्हाताऱ्या वाटाड्यामुळे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण थोरांची चूक शेवटपर्यंत झाकून ठेवायची आपल्याला वाईट खोड आहे.

दूर रानातल्या नदीवर हा वाटाड्या राजाला गळ टाकायला नेई. तरुणपणी गळाच्या दोरीने त्याचं अंगठ्याशेजारचं बोट तोडलं होतं, आणि ती रिकामी जागा तो बढाईने दाखवी. गळाला आमिष नसे. वाटाड्याची लेक पिसं बांधून खोट्या माश्या करी, त्यांना मासे फसत. नियम एकच होता. मासा ओल्या हाताने धरायचा, डोळे भरून बघायचा आणि सोडून द्यायचा.

एकदा राजासमोरच मासा म्हाताऱ्याच्या हातून निसटला. दरबारी फिदीफिदी हसले. दुसऱ्या दिवसापासून म्हातारा पंजाला चुलीतली राख चोळू लागला. मग निसटायची काय बिशाद!

लेक म्हणाली, "बाबा, राख धुवा. अंगावरचा बुळबुळीत थर हेच माशाचं चिलखत. तुम्हीच शिकवलंत ना?"

"तुझे दुधाचे दात पडायच्या आधीपासून मासे धरतोय मी! सोडल्यावर पोहत जातात की नाही?"

जात होते खरे. राजा खूश झाला. म्हाताऱ्याला शेला मिळाला.

पंधरा दिवसांनी राजा परत आला. वळणावर पोचताच पुढे चाललेला म्हातारा जागीच थिजला. सगळ्या काठाला पांढरी पोटं लागली होती.

"विष! खालच्या गावच्या लोकांनी डोहात कालवलंय, महाराज! बांधून आणा सगळ्यांना!"

शिपायांनी तलवारी उपसल्या. लेक मात्र पाण्यात उतरली. एक मासा उचलून तिने बापापुढे धरला. त्याच्या कुशीवर कापसासारखी बुरशी उगवली होती, हुबेहूब पंजाच्या ठशासारखी. अंगठा, मग रिकामी जागा, मग तीन बोटं. दुसऱ्या माशावरही तेच. तिसऱ्यावरही तेच.

"खालच्या गावात असा हात कुणाचा आहे, बाबा?"

म्हाताऱ्याने पंजा उघडून पाहिला. रेषांमध्ये अजून राख होती.

राजाने शिक्षा केली नाही. शेला काढून घेतला आणि घोडा वळवला.

धाकट्याचं वय काढण्याआधी थोरल्याने आपला हात बघावा.

म्हातारा पुढे सात वर्षं जगला. त्याच्या गळाला एकही मासा लागला नाही.