साळिंदराची मिठी

त्या राज्यात नवा न्यायाधीश पहिलं वर्ष कच्चा असे. वर्ष सरलं की दरबारातले वडीलधारे एकेक करून त्याला मिठी मारत. सगळ्यांनी मिठी मारली की तो मरेपर्यंत कायम. एकानेही हात मागे घेतला, तर त्याला रानात परत जावं लागे.

त्या वर्षी साळिंदराला नेमलं. दुबळ्या जनावरांना बरं वाटलं. याच्या अंगावर कोण जाईल?

टिटवी फिर्याद घेऊन आली. नदीकाठच्या वाळूत तिची अंडी होती, आणि तरसाला पाण्याकडे जायची वाट त्याच वाळूतून हवी होती. तरस दरबारातला वडीलधारा.

साळिंदर मनाने सरळ होता. तो हळूच म्हणाला, "बाई, कच्च्याचा निकाल हे लोक फिरवतात. मी कायम झालो की पहिला निकाल तुझा. तोवर वाळूत कुणी पाय ठेवायचा नाही."

"अंडी थांबतील का, महाराज?"

"मिठीचा दिवस जवळच आलाय."

तरस साळिंदराभोवती फिरून बघून गेला. "अहो, तुम्हाला कवळायचं कुठून? पुढून की मागून?"

दरबार हसला. साळिंदरही हसला. घरी जाऊन त्याने बाभळीला पाठ घासली आणि लांब काटे गाळले. टिटवीसाठीच करतोय, असं त्याला खरंच वाटत होतं. काटे काय, पुन्हा येतात.

दुसऱ्या दिवशी दरबारातलं वडीलधारं गिधाड म्हणालं, "मानेवरचे राहिले की." तेही गेले. मग शेपटीजवळचे, बारीक बारीक.

मिठीच्या दिवशी सगळ्यांनी त्याला छातीशी धरलं. तरसाने सगळ्यात जास्त वेळ धरलं.

साळिंदर आसनावर बसला. "टिटवीला बोलवा."

ती आली. निकाल त्याच्या ओठांवर होता. तेवढ्यात तरस जागेवरून उठला. नुसता उभा राहिला.

साळिंदराने पाठ फुगवली. उघडी कातडी थरथरली, एवढंच.

"पुढची तारीख," तो म्हणाला.

"आणि तोवर वाळूत जायची बंदी? ती आहे ना, महाराज?"

साळिंदराने पुढची फिर्याद बोलावली.

तरस नदीकडे निघाला. टिटवी उडत पुढे गेली, त्याच्यासमोर जमिनीवर उतरली, आणि पंख मोडल्यासारखा ओढत, ओरडत, अंड्यांपासून दूर पळू लागली, त्याने आपल्या मागे यावं म्हणून. तरसाने तिच्याकडे पाहिलंही नाही. तो सरळ चालत राहिला.