साळुंकीचं ‘येते हं’

माणसाला करवत सुचायच्या आधीची गोष्ट. टोकेराव नावाचा सुतारपक्षी इतर पाखरांना ढोल्या कोरून द्यायचा.

एकदा साळुंकी आली. पूर्वेला तोंड असलेली ढोली हवी म्हणाली, भरपूर सूचना केल्या आणि उडता उडता म्हणाली, “बरंय टोकेराव, येते हं!”

येते म्हणजे राहायलाच येणार! टोकेरावांनी चोच झिजेपर्यंत ढोली कोरली. बघतात तर बाईंनी शेजारच्या उंबरावर संसार थाटलेला.

“अहो, मी नुसती चौकशी केली होती,” साळुंकी म्हणाली. “निघताना कुणी ‘जाते’ म्हणतं का?”

टोकेराव चिडले. मग त्यांनी नियमच केला. ठरलेलं सगळं सालीवर कोरायचं आणि खाली गिऱ्हाइकानं चोचीची खूण करायची. दिवस मावळेपर्यंत मन बदललं तर खूण खुशाल खोडावी. तोवर टोकेराव लाकडाला चोच लावणार नाहीत.

पुढच्या मोसमात साळुंकी पुन्हा आली. तिनं खूण केली, खोडली, परत केली. टोकेराव निवांत मुंग्या टिपत बसले. दिवस मावळला तशी ती म्हणाली, “ठरलं तर मग. येते हं!”

“थांबा बाई,” टोकेराव म्हणाले, “येता की जाता, तेवढं सालीवर लिहा.”