लिंपलेली ढोली

पूर्वी पद्मावर नगरात अजितसेन राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व एका अमात्यकुळात जन्मला आणि मोठा झाल्यावर राजाच्या अरण्याचा कारभार पाहू लागला. त्या अरण्यात साग, ऐन, किंजळ, जांभूळ, बेहडा एकमेकांच्या सावलीत वाढत. नावा आणि पूल यांना लागेल तेवढे लाकूड तो देई. मात्र इथले एक, तिथले एक असे निवडून झाड तोडवी, आणि जुन्या पोकळ झाडांना हात लावू देत नसे.

कोषाध्यक्ष भारुकाला हे खटके. सगळा डोंगर तोडून नुसता साग लावला तर कोष भरेल, असे तो म्हणे. फायद्यावर पाणी सोडणारा माणूस त्याला कधीच सरळ वाटला नव्हता. एकदा अरण्यात फिरताना त्याला एका जुन्या बेहड्याची ढोली मातीने लिंपलेली दिसली. मधे बोटभर फट होती. त्याने राजाला जाऊन सांगितले, की अमात्य साग चोरून विकतो आणि ते धन तिथे दडवतो.

राजा स्वतः आला. बोधिसत्त्वाने सांगितले, की आत धनेश पक्ष्याची मादी आहे. पिलांसाठी तिनेच स्वतःला कोंडून घेतले आहे. लाकूडतोड्यांनी तशीच साक्ष दिली, तेव्हा तेही सामील ठरले. इतक्यात नर आला आणि त्याने फटीतून फळ आत दिले.

भारुक म्हणाला, "अमात्य, पाखरूसुद्धा पढवून ठेवलंत की."

राजाचेही मन गढूळ झाले. ढोलीवरची मातीची भिंत फोडू, आत काही नसेल तर तुम्ही आत्ताच मोकळे आणि वर मानही मिळेल, असे तो म्हणाला.

"महाराज, भिंत फुटली तर मी सुटेन, पण पिलं जगणार नाहीत. ती उडेपर्यंत मला बेड्या घाला. झाडाला तुमचाच पहारा बसवा. आत धन निघालं तर माझं डोकं घ्या."

पाखरासाठी कोणी बेड्या मागून घेतो का, असे म्हणत लोकांचा संशय वाढलाच. राजाने मात्र अमात्याने मागितले तसेच केले.

भारुकाचा पहारेकऱ्यांवरही विश्वास नव्हता, म्हणून तो स्वतः झाडाखाली बसला. नर दिवसभर खेपा घाली. उंबर, रानजायफळ, जांभळे आणी. खाल्लेल्या फळांच्या बिया फटीतून खाली पडत. भारुक एकेक बी उचलून रत्न तर नाही ना, ते पाही आणि फेकून देई. हळूहळू त्या बियांना कोंब फुटले, आणि आपल्या बैठकीभोवती रान उगवते आहे हे त्याच्या ध्यानात आले.

एके सकाळी भिंत आतून फुटली. मादी बाहेर पडली, मागोमाग पिले. भारुकाने शिडी लावून खांद्यापर्यंत हात ढोलीत घातला. हाताला पिसे लागली. त्याने पुन्हा चाचपले, पुन्हा पिसेच.

तो कारागृहात गेला आणि स्वतःच्या हाताने त्याने बेड्या काढल्या. बोधिसत्त्वाने त्याला एवढेच विचारले, "पिलं नीट उडाली ना?"

भारुकाने होकारार्थी मान हलवली.

राजाने डोंगर तोडू दिला नाही, आणि त्याच्या नावा-पुलांना लाकूडही कधी कमी पडले नाही.

आपल्या पूर्वजन्मीची ही कथा सांगून शास्ते भिक्षूंना म्हणाले, "आज सोबत्याच्या झोळीवर संशय घेऊन माझ्याकडे आलेला हा भिक्षू तेव्हा भारुक होता. राजा म्हणजे आपला भिक्षू आनंद होता आणि तो अमात्य मी होतो. आपल्यावर आलेला आळ दुबळ्या जिवावर न ढकलता शांतपणे सोसणे, हीच क्षांती."