वाकड्या खाचेची धुरपी

एका राज्यात नगारा कधीच थांबत नसे, कारण तो थांबला की राज्यच सरणार होतं. तिथल्या नद्या तांबड्या, ऊबदार. तिथला तट कातड्याचा. आणि तिथला प्रत्येक शिपाई तळहातावर एक खाच घेऊन जन्मे. दोन खाचा सारख्या नसत. साऱ्या जगात एकच वैरी त्या खाचेत नेमका बसे. तो कोण, येणार कधी, हे कुणालाच ठाऊक नसे.

हाडांच्या गुहेत जन्मलेल्या धुरपीची खाच चिंचेच्या आकड्यासारखी वाकडी होती. छातीवर पदकं मिरवणारा सेनापती भानोजी मूठ आवळून हसे. "पोरी, असला वैरी ब्रह्मदेवानंही घडवला नसेल."

एके सकाळी घशाच्या वेशीतून जादूगार शिरला. तो ज्या घरात घुसे, त्या घरची चूल त्याच्यासारखे शंभर जादूगार रांधी. राणीनं उंच महालातून भट्ट्या पेटवायला लावल्या. राज्य तापलं, जादूगार मंदावला, मेला नाही.

राणी म्हणाली, "तीन कामं. त्याच्या झग्याचा तुकडा आणा. तो बसेल ती खाच शोधा. त्या खाचेच्या आकाराचे बाण पाडा. नगारा बंद पडायच्या आत."

पहिलं काम टेहळ्या पाखरानं केलं. चोचीत झग्याचा लचका घेऊन ते गळ्याच्या चावडीवर उतरलं. "घ्या, आणि लवकर. वाटेत तीन गावं ओस दिसली."

आणि चावडीवरच्या म्हाताऱ्यांनी काय केलं? तीन दिवस तो तुकडा फक्त जुन्या लढाया जिंकलेल्यांच्या हातांवर लावून पाहिला. मानाप्रमाणे, वयाप्रमाणे, मध्ये एकमेकांची भाषणं ऐकत. मेलेले वैरी यांना तोंडपाठ. दारातला ओळखू येईना.

चौथ्या दिवशी नगाऱ्याचा एक ठोका चुकला. जमीन थरथरली. धुरपी रांग मोडून भानोजीपुढं आली.

"काका, सरका."

"रांगेत उभी राहा!"

"तुमची रांग संपेस्तोवर राज्य संपेल."

तिनं तुकडा हिसकावून तळहातावर ठेवला. तो बसला. असा बसला, की कड कुठली आणि कातडी कुठली ते कळेना. ज्या वैऱ्याला त्या राज्यानं कधी पाहिलंच नव्हतं, त्याच्यासाठी ही खाच तो येण्याआधीच तयार होती.

पण तिसरं काम अडलं. कायदाच होता: हाडांत जन्मलेल्यानं मोहरेविना बाण पाडायचा नाही. कायदा खुळा नव्हता. मागं एकीनं मोहरेविना बाण सोडले आणि सांध्यांतली आपलीच गावं जाळली होती. मोहर देणार छातीखालच्या पाठशाळेतून पार पडलेला. तिथं शंभर पोरं जात. आपल्यांवर हात उगारणारी तिथंच संपत. दोन-चार बाहेर येत. त्यातही मोहर उमटे ती त्याच्याच हातून, ज्याच्या खाचेत तोच तुकडा दुसऱ्या कडेनं बसेल.

पाठशाळेतून पार पडलेल्या साऱ्यांनी हात दाखवले. एक मूठ बंद राहिली.

"काका, तुमचा हात?"

भानोजी खाली पाहू लागला. "पदकं वडिलांची आहेत, पोरी. माझ्या खाचेत आजवर काहीच बसलं नाही. आता या वयात कशाला उघडायचा?"

"म्हणजे तीन दिवस लोक मरत होते, आणि तुम्ही लाज झाकत होतात?"

त्यानं मूठ उघडली. तिनं तुकडा दुसऱ्या कडेनं ठेवला. बसला.

म्हाताऱ्यानं तिच्या हातावर मोहर उमटवली. मग म्हणाला, "हसलो ते पोटात घाल."

"नंतर बघू," धुरपी म्हणाली.

आणि एका धुरपीच्या दोन झाल्या. दोघींच्या चार. चौघींच्या आठ. गळ्याची चावडी सुजून फुगली. एकेक धुरपी डोळ्याचं पातं लवेस्तोवर हजार बाण पाडी, आणि हजारही बाण वाकडेच! ते जादूगाराच्या झग्याला असे डसले, की त्याला एकही दार उघडेना. मोठ्या तोंडाचे राक्षस-शिपाई आले आणि बाणांनी जखडलेले जादूगार गिळत गेले. जादूगार शिरलेली घरं पाडली, नवी उभी राहिली. भट्ट्या विझल्या. तटातून घामाचे पाट वाहिले. नगारा ठेक्यावर आला.

राज्याबाहेर, एका खाटेवर, एका मुलीनं डोळे उघडले. "आई, पेज दे."

हजारो धुरप्या कामं उरकून मातीत मिळाल्या. कुणी दगडसुद्धा उभारला नाही. एक तेवढी हाडांच्या गुहेत परतली आणि हात उघडा ठेवून बसली.

तीस वर्षांनी जादूगार पुन्हा वेशीत आला. तो झगा सावरतोय तोच बाण सुटले.

खाटेवरची ती मुलगी आता बाई झाली होती, अंगणात मिरच्या वाळत घालत होती. तिला एक शिंक आली. तिनं नाक पुसलं आणि पुढची मिरची उचलली.